डायनमो गेला, तारा राहिल्या

जुना पेट्रोल ट्रक किल्ली मारल्यावर चालू होतो आणि किल्ली सोडताच बंद पडतो. दुसरा एखादा दिवसभर चालतो, पण सकाळी सेल्फ उचलत नाही, कारण बॅटरी उतरलेली असते. तिसऱ्याची बॅटरी इतकी जास्त चार्ज होते की तिच्यातलं पाणी सारखं आटतं. या तिन्ही तक्रारींवर सहसा एकच निदान ऐकू येतं: वायरिंग जुनी झाली, सगळी बदला. हे निदान मला अपुरं वाटतं. 1910 ते 1970 या काळात अमेरिकी ट्रकांची वीजव्यवस्था कशी बदलत गेली हे पाहिलं, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. एका पिढीचं यंत्र काढून दुसऱ्या पिढीचं बसवलं, पण तिथवर जाणारी वाट जुनीच ठेवली, अशा जागी दोष पुन्हा पुन्हा येतात. हे ट्रक आपल्याला परके नव्हते. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली होती आणि वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडत होते.

सुरुवातीला इग्निशन आणि चार्जिंग यांचा एकमेकांशी काहीच संबंध नव्हता, हे आज चटकन लक्षात येत नाही. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये फ्लायव्हीलवर 16 लोहचुंबक बसवलेले असत. इंजिन फिरलं की तिथेच, म्हणजे या मॅग्नेटोत, वीज तयार होई आणि लाकडी पेटीतल्या चार कॉइलमधून प्लगपर्यंत जाई. त्यासाठी बॅटरीची गरज नव्हती. हाताने हँडल मारायचं एवढंच. 1912 च्या कॅडिलॅकवर चार्ल्स केटरिंग यांचा इलेक्ट्रिक सेल्फ आला आणि हे चित्र बदललं. सेल्फला बॅटरी लागते, बॅटरी भरायला डायनमो लागतो, आणि गाडीत बॅटरी आहेच तर ठिणगीही तिच्यावरच घ्यावी, असा तो सरळ हिशेब होता. मॉडेल टीवर 1919 पासून सेल्फ मिळू लागला, तेव्हा तिच्या स्विचवर बॅटरी आणि मॅग्नेटो अशा दोन वेगळ्या जागा होत्या. दोन काळ एकाच किल्लीखाली आले होते. पुढे मॅग्नेटो गेला. त्या दिवसापासून चार्जिंगमधला बिघाड इंजिन बंद पाडू शकतो आणि किल्लीतला बिघाड चार्जिंग बिघडवू शकतो.

डायनमोच्या काळातल्या दोषांची मुळं त्याच्या स्वभावात आहेत. इंजिन मंद फिरत असताना तो जवळजवळ काहीच देत नाही, आणि त्याचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी झालं की बॅटरीचीच वीज उलटी त्याच्यात शिरू पाहते. ती अडवण्यासाठी कटआउट आला. कटआउटचे पॉइंट चिकटले की उभ्या ट्रकची बॅटरी रात्रीत उतरते; सकाळी सेल्फ न उचलणाऱ्या ट्रकचं हे एक कारण. त्यानंतर व्होल्टेज आणि करंट दोन्ही आवरणारी रेग्युलेटरची पेटी आली. इथे मात्र प्रत्येक कंपनीने वेगळी वाट धरली. डेल्को-रेमीच्या डायनमोत फील्डच्या, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तयार करणाऱ्या, वेटोळ्याचं अर्थिंग बाहेर, रेग्युलेटरमधून होई. फोर्डच्या डायनमोत ते आत, डायनमोच्या अंगातच केलेलं असे. वरवर हा किरकोळ फरक आहे, पण तपासणीची सगळी पद्धत त्याने उलटी होते. डायनमो वीज देतो की नाही हे पाहण्यासाठी डेल्कोच्या फील्डच्या टोकाला अर्थ द्यायचा, तर फोर्डच्या टोकाला बॅटरीची वीज द्यायची. फोर्डला डेल्कोची रीत लावली तर चांगला डायनमोही मेलेला वाटतो. डेल्कोला फोर्डची रीत लावली तरी तेच, आणि नवा डायनमो बसवताना त्याची ध्रुवता ठरवण्यासाठी चुकीच्या दोन टोकांना तार लावली तर रेग्युलेटरचे पॉइंटही जळतात. शिवाय फोर्ड आणि क्राइसलर यांच्या सहा व्होल्टच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक चासीला जोडलेलं असे, जनरल मोटर्सच्या बहुतेक गाड्यांत ऋण. चासी कुठल्या टोकाला जोडली आहे हे न पाहता लावलेली बॅटरी काय करते, हे वेगळं सांगायला नको.

1955-56 च्या सुमाराला अमेरिकी कंपन्या सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर गेल्या. जास्त कॉम्प्रेशनची मोठी इंजिनं फिरवायला सेल्फला जास्त ताकद हवी होती, आणि व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच ताकदीला निम्मा करंट पुरतो. पण पूर्ण बारा व्होल्ट सतत मिळाले तर डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट लवकर जळतात. त्यावर काढलेली तोड अशी: कॉइल कमी व्होल्टेजवर चालणारीच ठेवायची, वाटेत एक रेझिस्टर घालायचा, आणि सेल्फ फिरत असेपर्यंत तो वगळून बॅटरीची वीज थेट कॉइलला द्यायची. क्राइसलरने हा रेझिस्टर चिनी मातीच्या ठोकळ्यात इंजिनमागच्या पत्र्यावर लावला. फोर्डने हारनेसमध्ये, म्हणजे तारांच्या जुडग्यात, एक विशेष रोधक तारच गुंफली, जी बाहेरून इतर तारांसारखीच दिसते. किल्ली सोडताच बंद पडणाऱ्या ट्रकचं कोडं इथे सुटतं. सेल्फ फिरत असताना ठिणगीला वेगळी वाट मिळते. किल्ली परत आली की वीज रेझिस्टरमधून यावी लागते आणि ती वाट तुटलेली असते. कार्ब्युरेटर खोलण्यात वेळ घालवण्याची गरज नसते. उलट बाजूही तितकीच खरी आहे. फोर्डची ती रोधक तार साधी समजून कुणी तांब्याची तार घातली, तर ट्रक सुरेख चालतो आणि काही दिवसांनी पॉइंट जळून जातात.

1960 च्या सुमाराला क्राइसलरने आपल्या व्हॅलियंट मोटारीवर अल्टरनेटर आणला. सिलिकॉन डायोड स्वस्त झाल्यामुळे ते जमलं. डायोड वीज एकाच दिशेने जाऊ देतात म्हणून कटआउट गेला, आणि मंद इंजिनावरही बॅटरी भरू लागली. प्रगती निर्विवाद होती. पण डायनमोच्या काळात चार्जिंगची सगळी वीज डॅशबोर्डवरच्या अॅमीटरमधून फिरून बॅटरीत जाई, आणि क्राइसलरच्याच डॉजने तीच वाट कायम ठेवली. इंजिनमागच्या पत्र्यातून तारा आरपार नेणाऱ्या कनेक्टरच्या चपट्या पिना पूर्वीच्या करंटला पुरत होत्या. अल्टरनेटर अधिकाधिक मोठे होत गेले तशा त्या तापू लागल्या, आणि तापलेली पिन सैल पडते, सैल पिन आणखी तापते. त्याहून सूक्ष्म गोष्ट रेग्युलेटरची आहे. बॅटरीत किती व्होल्ट आहेत हे डॉजचा रेग्युलेटर थेट बॅटरीवर पाहत नाही, किल्लीनंतरच्या इग्निशनच्या तारेवर पाहतो. किल्लीत किंवा त्या कनेक्टरमध्ये अर्धा-एक व्होल्ट गळला की त्याला बॅटरी कमी वाटते आणि तो अल्टरनेटरला जास्त जोर लावायला सांगतो. बॅटरीचं पाणी आटतं, दिवे प्रमाणाबाहेर प्रखर होतात, अल्टरनेटर आणि रेग्युलेटर बदलले जातात, आणि दोष मात्र इग्निशनच्या वाटेत तसाच राहतो. माझ्या म्हणण्याला यापेक्षा ठोस पुरावा मी शोधू शकत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की पन्नास वर्षांत तांबं काळं पडतं, इन्शुलेशन तडकतं, उंदीर तारा कुरतडतात. इतिहास कशाला हवा? वय खरं आहेच. पण वय सगळ्या तारांना सारखंच होतं. टेललाइटची तारही तितकीच जुनी असते, तरी जळतात त्या अॅमीटरकडे जाणाऱ्या पिना. वय कमकुवत जागा निर्माण करत नाही, आधीच असलेली उघडी पाडतं. दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाचा असेल: इथले ट्रक तर डिझेलचे. हे बरोबर आहे. 1954 मध्ये टाटांनी डाइमलर-बेंझशी करार केला, कुर्ल्याच्या ट्रकांतही पर्किन्सचं डिझेल इंजिन बसू लागलं, आणि डिझेलला ठिणगी लागतच नाही. म्हणून इथल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनचं कसब सेल्फ, डायनमो, दिवे आणि हॉर्न यांत घडलं. कॉइल-पॉइंटचं ज्ञान जीप आणि मोटारींपुरतं उरलं. पण त्याच कारणाने एखादा जुना पेट्रोल ट्रक आज कुणी जपत असेल, तर त्याला हा इतिहास जास्त लागेल, कारण तो जाणणारे हात कमी झाले आहेत.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. मल्टीमीटर हातात असताना आकडे बोलतात, मग काळ ओळखायची गरज काय? मीटर आकडा दाखवतो, पण तो आकडा योग्य की अयोग्य हे सांगत नाही. चालू इंजिनात कॉइलवर सात-आठ व्होल्ट दिसले तर रेझिस्टरच्या व्यवस्थेत ते उत्तम प्रकृतीचं लक्षण आहे. हे माहीत नसलेला माणूस निरोगी ट्रकची तार कापून बारा व्होल्ट पोहोचवतो. सहा व्होल्टच्या ट्रकचा सेल्फ मुळातच संथ फिरतो, त्यात दोष शोधणं व्यर्थ आहे. आणि 1960 च्या दशकातल्या डॉजची बॅटरी जास्त चार्ज होत असेल, तर अल्टरनेटर खोलण्याआधी इंजिन चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरं रेग्युलेटरच्या इग्निशनच्या तारेला लावावं. तिथे जो व्होल्टचा फरक दिसेल तो किल्लीत, कनेक्टरमध्ये किंवा अॅमीटरच्या टोकांवर गळतो आहे. त्यानंतर रेग्युलेटरची पेटी आणि पत्रा यांच्यामधला रंग खरवडून अर्थ पाहावा, कारण त्या पिढीच्या रेग्युलेटरला अर्थ तिथूनच मिळतो आणि तो बिघडला की चार्जिंग तसंच चढतं. एवढं पाहून झाल्यावरच पाना काढावा.