राक्षसाचा जमाखर्च

मराठी माणसाचा जीव एका जागी कधी सापडायचा नाही. संध्याकाळी पोर वेळेवर घरी आले नाही की तो टांगणीला लागतो, निकालाच्या दिवशी मुठीत येतो आणि पोर एकदाचे पास झाले की भांड्यात पडतो. ते भांडे आजवर कोणी पाहिलेले नाही. बरे, हा फिरता जीव खाणारी माणसेही आपल्याकडे घरोघरी असतात. ‘माझा जीव खाऊ नकोस’ हे वाक्य ज्या घरात दिवसातून एकदाही ऐकू येत नाही, असे घर निदान पिंप्राळ्यात तरी मला ठाऊक नाही. तेव्हा दुसऱ्याच्या जीवावर जगणारा राक्षस ही कल्पना आपल्याला नवी नाही. त्याचा हिशेब मात्र कोणी नीट मांडलेला नाही.

हे काम माझ्याकडे आले ते पुतण्यामुळे. तो आणि त्याचे मित्र गच्चीवर बसून एक विलायती खेळ खेळतात. त्यात पट नसतो. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात, आणि कोणी कोणाला मारले हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. शकुनीने साध्या फाशांत महाभारत घडवले, मग वीस बाजूंत काय होईल! तर पुतण्या म्हणाला, “काका, जीवशक्तीवर चालणारा एक राक्षस पाहिजे. ओरिजिनल.” बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाकडे राक्षसाची चौकशी करावी, हे त्याला कसे सुचले कोण जाणे.

माझी आई शेजारीच तांदूळ निवडत होती. तिचे माहेर धुळ्याकडचे. सुपावरून मान न उचलता तिने अहिराणीत विचारले, “तो खास काय, आनि मरस कसा?”

आता ‘खास’ म्हणजे ‘खातो’. पण प्रश्न खरोखरच खास होता. कोणत्याही राक्षसाचा जमाखर्च या दोन रकान्यांत बसतो : खातो काय, आणि मरतो कसा.

सुरुवात घरच्या राक्षसापासून करू. एरंडोल आमच्यापासून जवळच. तीच महाभारतातली एकचक्रानगरी, असे आम्ही खानदेशी लोक मानतो. इतरही काही गावे तसे मानतात, पण त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. जवळच्या पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेलेला माणूस भीमकुंडही पाहून येतो, कारण भीमाने बकासुराला तिथेच लोळवले असे सांगतात. आदिपर्वात बकासुराचा आहार चोख नोंदवलेला आहे : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते आणून देणारा माणूस. आजच्या भाषेत, पार्सल आणणाऱ्यासकट पार्सल. पण याहून मजेची नोंद पुढे आहे. हे सगळे लोक त्याला फुकट देत नव्हते. नगरीचा राजा निकम्मा होता, आणि परचक्रापासून रक्षण करायचे काम हा राक्षसच करीत होता. म्हणजे ही फी होती. प्रत्येक घराची पाळी ठरलेली होती. पाळी लागेपर्यंत प्रत्येक घर शांत झोपत असणार, कारण आज पाळी शेजाऱ्याची.

मरायची सोय मात्र सोपी होती. भीमाने आधी त्याचा डबा त्याच्यासमोर बसून खाल्ला आणि मग त्याला मोडला. एवढ्यावर न थांबता त्याने बकासुराच्या नातेवाइकांकडून माणसे न मारण्याचे वचनही घेतले. खाते बंद करताना सगळी येणी मिटवावीत, तसे.

दुसरा रक्तबीज. चैत्रात आमच्याकडची माणसे सप्तशृंगीला पायी जातात, तिथे देवीच्या पराक्रमांत याचे नाव निघतेच. याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा राक्षस उभा राहायचा. चक्रवाढ व्याजाचे इतके स्वच्छ उदाहरण बी.कॉम.च्या पुस्तकातही नव्हते. कालीने थेंब जमिनीवर पडू न देता पिऊन टाकले आणि व्याज बंद पडले. तिसरा आजीच्या गोष्टीतला, जीव पोपटात ठेवणारा. लॉकर उत्तम, पण त्याचा नंबर हा स्वतःच राजकन्येला सांगून मोकळा होतो. चौथा वेताळ. अकराव्या शतकात सोमदेवाच्या कथासरित्सागरात तो मढ्यात शिरून राजाला कोडी घालतो. रिचर्ड बर्टन नावाच्या इंग्रजाने 1870 मध्ये त्या गोष्टी इंग्रजीत नेताना वेताळाला थेट ‘व्हॅम्पायर’ केले. वास्तविक हा वेताळ राजाचे रक्त पीत नाही, नुसते डोके खातो. पण इंग्रजाला हा फरक कसा कळावा!

आता पुतण्याचे विलायती पुस्तक. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ 1974 मध्ये काढला, आणि 1977 मध्ये राक्षसांची जंत्रीच छापली. तिच्यात चक्क आपला राक्षस आहे, ‘राक्षस’ याच नावाने! तोंड वाघाचे, आणि चित्रात ऐटीत पाइप ओढतो आहे. धर्मगुरूने मंतरलेला बाण लागला की मरतो. इतर काही भुते नुसत्या स्पर्शाने माणसाची कमावलेली पायरी खाली आणतात. म्हणजे एका फटक्यात हेडक्लार्कचा क्लार्क. हे वाचून मात्र माझ्या अंगावर काटा आला.

पण हे सगळे राक्षस मला सज्जन वाटतात. काय खातात ते लिहिलेले, कसे मरतात तेही लिहिलेले. भीती वाटते ती जिचा दुसरा रकाना कोरा आहे तिची. आईने सुप बाजूला ठेवून तिचे नाव घेतले, “डाकीण.”

सातपुड्याच्या पाड्यांत ही समजूत फार जुनी. डाकीण माणसाचे काळीज खाते, तिच्या नजरेने मूल वाळते, असे म्हणतात. पण ती मरते कशी? इथे ना भीम आहे, ना पोपट. ताप उतरत नाही, भगत दाणे टाकून नाव सांगतो, आणि नाव निघते गावातल्याच एखाद्या बाईचे. बहुधा विधवा, एकटी. कधी तिच्या नावावर थोडी जमीनही असते. मग राक्षशिणीला म्हणून जो मार दिला जातो, तो लागतो त्या बाईला. कोणाचा जीव कोणी खाल्ला, हे इथे वेगळे सांगायला नको. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने नंदुरबारकडे या प्रथेविरुद्ध काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर ज्या कायद्यासाठी वर्षानुवर्षे झटले, त्याचा वटहुकूम 24 ऑगस्ट 2013 ला निघाला. त्याआधी चारच दिवस, 20 ऑगस्टला, पुण्यात त्यांचा खून झाला होता. डिसेंबरमध्ये कायदा झाला : सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. कोरा रकाना भरायला इतकी किंमत पडली.

म्हणून पुतण्याला मी राक्षस दिला तो दोन्ही रकाने भरून. नाव हप्तासुर. स्वतःचे बळ शून्य. वही घेऊन दारोदार फिरतो. ‘आज तुझी नाही, शेजाऱ्याची पाळी’ असे सांगून सही मागतो. भिऊन केलेल्या प्रत्येक सहीला त्याचे दोन जीव वाढतात, सही करणाऱ्याचा एक घटतो. वरचा एक कुठून आला हे विचारायचे नाही. भीतीला व्याज असते. तलवार त्याला लागत नाही. शेजाऱ्याच्या पाळीला जो आडवा उभा राहील, त्याने फासा टाकायचा; दहाच्या वर पडला की वहीतले एक पान गळते. पाने संपली, की राक्षस संपला.

“शस्त्रच नाही?” पोरे हिरमुसली.

मग आईनेच एक दिले. आषाढी एकादशीला आमच्या पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. त्याला इंजिन नाही. तोही माणसांच्याच बळावर चालतो. ओढणारे दमतात, पण कोणाचा जीव कमी होत नाही. आणि एवढे मोठे धूड थांबवायला चाकाखाली सरकवतात ती लाकडी मोगरी. “त्या राक्षसाच्या पायाखाली मोगरी घाला,” आई म्हणाली, “म्हणजे थांबंल.”

पुतण्याने वहीत लिहून घेतले : ‘शस्त्र — मोगरी. पल्ला एक पाऊल. चालवायला किमान चार माणसे.’ आणि पहिल्याच डावात हप्तासुराला सही द्यायला धावला, तो पुतण्याच. म्हणाला, “काका, पाळी माझी नव्हतीच ना!”