आशियाई मजूर परिषद

भारत, जपान आणि सिलोन (आजचा श्रीलंका) येथील कामगार संघटनांनी एकमेकींना साथ देण्यासाठी उभारलेले व्यासपीठ. अधिवेशने : कोलंबो (मे १९३४) व टोकिओ (१९३७).

परिषदेची मुंबईतली मुळे गिरगावात सापडतात. तिथे भारत सेवक समाजाची शाखा होती. नारायण मल्हार जोशी (१८७९–१९५५) हे या समाजाचे सभासद. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रशाळा, फिरती वाचनालये चालवली. १९१९च्या वॉशिंग्टन आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेला भारतीय मजुरांचे प्रतिनिधी म्हणून सरकारने त्यांनाच पाठवले. त्या परिषदेने कारखान्यांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा ठरवली. जपानला मात्र ५७ आणि भारताला ६० तासांची सवलत दिली.

या सवलतीतच खरे दुखणे होते. जपानी सूतगिरण्यांत वसतिगृहांत ठेवलेल्या मुली १९२९पर्यंत रात्रपाळीत राबत होत्या. तिथले स्वस्त कापड मुंबईच्या बाजारात आले, की इथले गिरणीमालक त्याकडे बोट दाखवून पगार कापत. शेजारच्या देशात मजूर स्वस्त आहे तोवर आपल्या मजुराची भाकरी सुरक्षित नाही, हे जोशींनी अचूक ओळखले. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदांत त्यांची जपानचे कामगार नेते बुंजी सुझुकी यांच्याशी भेट होई. आशियातल्या मजुरांनी एकत्र यावे, हा विचार तिथेच पुढे सरकला.

घरात मात्र विरोध झाला. भारतीय कामगार संघटनांचा महासंघ असलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसच्या १९२९च्या नागपूर अधिवेशनात डाव्या गटाला जिनिव्हाचा मार्ग मिळमिळीत वाटला. संघटना फुटली, जोशी बाहेर पडले. डाव्यांची शंका निराधार नव्हती, पण फुटीची किंमत मजुरांनीच मोजली.

कोलंबोत अधिवेशन भरले तेव्हा मुंबईत पगारकपातीविरुद्ध गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालू होता. टोकिओनंतर जपान-चीन युद्ध पेटले, १९३८मध्ये जपानने आंतरराष्ट्रीय कामगार संघटना सोडण्याचे जाहीर केले, १९४०मध्ये तिथल्या कामगार संघटनाच विसर्जित झाल्या. परिषद संपली.

पुढे हे काम सरकारांच्या पातळीवर गेले : दिल्लीत १९४७ची पूर्वतयारी परिषद, मग जानेवारी १९५०मध्ये सिलोनमधील नुवारा एलियाला पहिली आशियाई प्रादेशिक कामगार परिषद. नुवारा एलिया हा चहामळ्यांचा मुलूख. तिथल्या भारतीय वंशाच्या तमिळ मजुरांपैकी बहुतेकांना १९४८च्या नागरिकत्व कायद्याने देशाविना केले होते. भारत व सिलोन यांच्यातील १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारात अशा ५,२५,००० जणांना भारताने, तर ३,००,००० जणांना सिलोनने घ्यायचे ठरले. उरलेल्या सुमारे दीड लाखांचा निर्णय लांबणीवर पडला. मळेकामगारांच्या संघटनांना या वाटपात विश्वासात घेतले गेले नाही.