कुंचल्याकडून कापडाकडे : भानू अथैया

आपल्याकडे पेहरावाचा इतिहास सहसा गांभीर्याने लिहिला जात नाही. लिहिला गेलाच, तर समाजसुधारणेच्या इतिहासातील एक पोटविभाग म्हणून. पेहराव घडविणारी व्यक्ती त्यात क्वचितच दिसते. भानू अथैया (१९२९–२०२०) यांच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते.

कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अण्णासाहेब चित्रकार होते. बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशीही त्यांचा संबंध आला होता. भानुमती लहान असतानाच ते निवर्तले आणि सात मुलांचा भार आईवर पडला. पुढे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेल्या भानुमतींनी १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात चित्रे मांडली. मात्र चित्रांवर चरितार्थ चालण्याचे ते दिवस नव्हते. ‘ईव्ह्‌ज वीकली’सारख्या स्त्रियांच्या नियतकालिकासाठी त्या फॅशनची रेखाचित्रे काढीत. कागदावरचे कपडे प्रत्यक्षात शिवण्याची संधी त्यांना तेथूनच मिळाली आणि नामवंत अभिनेत्री त्यांच्याकडे येऊ लागल्या. ‘सी. आय. डी.’पासून (१९५६) त्यांची चित्रपटातील वाटचाल स्थिरावली.

या स्थित्यंतराकडे ‘कलेकडून धंद्याकडे’ असे पाहण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) हा बिमल मित्रांच्या कादंबरीवरचा चित्रपट पाहावा. जमीनदाराच्या हवेलीतील छोटी बहू आणि ब्राह्मो घरातील जबा या दोघी एकाच काळातल्या, एकाच शहरातल्या. परंतु एकीचे भरजरी एकाकीपण आणि दुसरीचा मोकळेपणा संवादाआधी वस्त्रांतून कळतो. कादंबरीकार ज्यासाठी परिच्छेद खर्ची घालतो, ते येथे पोत आणि रंग सांगतात. हे संहितेचे वाचनच होय. ‘आम्रपाली’साठी (१९६६) त्या अजिंठ्याच्या भित्तिचित्रांकडे वळल्या. तेथे कामाला आली ती चित्रकाराचीच नजर.

पडद्याबाहेरचा त्यांचा प्रभावही दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘वक़्त’मध्ये (१९६५) साधना यांनी वापरलेला अंगासरशी बसणारा चुडीदार-कुर्ता शहरी तरुणींनी आपलासा केला. ‘ब्रह्मचारी’मध्ये (१९६८) मुमताज यांची नारिंगी साडी नृत्यात सुटू नये म्हणून आधीच शिवून घेतलेली होती. नेसण्याचे वस्त्र घालण्याचे झाले! आज तयार शिवलेली साडी सर्रास मिळते. तिच्या पूर्वेतिहासात या साडीची नोंद करावीच लागेल.

१९८३ साली ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले. हा सन्मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. रेशीम आणि जरीत ज्यांचा हात बसलेला, त्यांनी हे यश एका अर्थाने खादीच्या साधेपणातून मिळवावे, यात एक सुसंगती आहे. कोट-टायपासून पंचापर्यंतचा गांधीजींचा प्रवास हा विसाव्या शतकातील पेहरावाचा कदाचित सर्वांत अर्थगर्भ प्रवास होता. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ यांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

२०१२ साली त्यांनी ऑस्करची बाहुली अकादमीच्या स्वाधीन केली. आपल्यामागे तिचे जतन नीट होईल का, ही त्यांची चिंता होती. जगातील एवढा मोठा सन्मान सुरक्षित राहावा म्हणून तो परत पाठवावा लागणे, हा आपल्या जतनसंस्कृतीवरचा कठोर अभिप्राय आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर त्यांची जुनी चित्रे लिलावाच्या निमित्ताने पुन्हा चर्चेत आली. चित्रकार भानुमती राजोपाध्ये यांची ओळख आपल्याला व्हावी, तीही बाजाराकडून आणि इतक्या उशिरा!

साहित्यकृतीच्या माध्यमांतराचा अभ्यास करताना आपण पटकथा तपासतो, दिग्दर्शकाची दृष्टी शोधतो. त्याच कृतीचे वस्त्रांतून वाचन करणाऱ्या या स्त्रीला अभ्यासक्रमात कोठे जागा द्यायची, हा प्रश्न आता आपण अध्यापकांनी स्वतःला विचारायला हवा.