मापट्यावरची शीग

आमच्या पिंपरीच्या घरात फडताळावर एक लाकडी मापटं आहे. कडेला पितळी पट्टी. आजीचं आहे. ती खेड तालुक्यातली, चाकणच्या अलीकडच्या गावची. तिच्या हिशेबात दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन.

1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. लोक तिला पेनिसिलीनचा कारखानाच म्हणत. वडिलांना तिथं काम लागलं आणि 1961 मध्ये आम्ही पिंपरीला आलो. तेव्हा वजनं बदलत होती. 1956 मध्ये कायदा झाला, 1958 च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक वजनं टप्प्याटप्प्यानं आली आणि 1962 च्या एप्रिलपासून दुकानातला शेर-मण बाद झाला. शाळेत आम्ही पाठ केलं : 80 तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम.

त्या दिवाळीला आईनं भजणीचं सामान सांगितलं. चार मापटी तांदूळ, दोन हरभऱ्याची डाळ, एक उडदाची, एक मापटं पोहे. मी हिशेब केला. मापटं म्हणजे अर्धा शेर, म्हणजे जवळजवळ अर्धा किलो. सगळं त्या हिशेबानं आणलं. पोह्यांचा पुडा बघून आई थबकली. पण म्हणाली, "शाळेत शिकतोस, बरोबरच असंल."

चकली सोऱ्यातून पडतानाच तुटायला लागली. निम्मी भजणी वाया गेली. त्या काळात ते नुकसान लहान नव्हतं. वडील काही बोलले नाहीत, ते मला जास्त लागलं.

चूक कळायला वेळ लागला. शेर दोन होते : एक तागडीतला, एक मापाचा. तागडीतला शेर कशाचाही असो, भार तेवढाच. मापाचा शेर जागा मोजतो. आजच्या भाषेत सांगायचं तर लिटरच्या भांड्यात पाणी एक किलो बसतं, गहू पाऊण किलोच्या आसपास, पीठ जेमतेम अर्धा किलो आणि पातळ पोहे तर त्याहून कितीतरी कमी. तांदूळ नि डाळी मापात साधारण सारख्याच भरतात, म्हणून तिथं निभावलं. पोह्यांनी घात केला. पुढं आई दुकानातून किलोनं आणायची आणि घरी एकाच वाटीनं मोजायची.

शिमग्याला गावी गेलो तेव्हा शाळूची काढणी उरकली होती. आजी दुसऱ्याच्या रानात राबायची, मजुरी धान्यात मिळायची. त्या वर्षी मालकानं पायलीचे किलो ठरवून तागडीनं धान्य घातलं. काटा अगदी सरळ. आजीनं घरी येऊन ते आपल्या मापट्यानं मोजलं. माप काठोकाठ भरलं, पण वर ढीग राहिना.

"किलो खोटा न्हाई," ती म्हणाली. "पर माझी शीग कुठं गेली?"

शीग म्हणजे मापाच्या काठावर चढणारा धान्याचा ढीग. तो मजुराच्या हक्काचा, आणि त्याच्यावरच पोरांचे दोन दिवस निघायचे. किलो ठरवताना कुणी सपाट पायली धरली होती. आजी मापटं घेऊन मालकाच्या ओसरीवर गेली. शीग लावून माप भरलं आणि म्हणाली, "आता हे तागडीत घाला." घातलं. पुढच्या सुगीला पायलीमागचं वजन वाढलं. सगळ्याच बायांचं.

आता तिच्या गावाभोवती कारखाने आहेत. ट्रक भरतात तेही वजनकाट्यावरच. सून मोबाइलवर बघून वाटीचे ग्रॅम करते. मी तिला एवढंच विचारतो, वाटी सपाट धरलीस की शिगेची?