परडीतले दागिने आणि परवलीचा शब्द

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या धामापूरच्या तळ्याची गोष्ट मालवण-कुडाळकडच्या बहुतेकांना ठाऊक असेल. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली हे तळं बांधलं. काठावर भगवतीचं देऊळ आहे. पूर्वी म्हणे घरात लग्नकार्य निघालं, की गरीब माणूस फुलांचे दागिने परडीत ठेवून ती पाण्यात सोडायचा. परडी बुडायची आणि वर यायची ती सोन्याचे दागिने घेऊन. कार्य उरकलं की दागिने परत. नाव विचारणं नाही, चिठ्ठी लिहून घेणं नाही. पुढे कुणा एकाने ते परत केलेच नाहीत आणि तळ्याचं देणं कायमचं थांबलं.

संगणकांच्या जाळ्याचा इतिहास वाचताना मला ही गोष्ट हटकून आठवते.

कचेरीतली सगळी कागदपत्रं एका मोठ्या संगणकावर ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्या टेबलावरून ती वापरायची, ही सोय आता आपल्या अंगवळणी पडली आहे. दूरचं कपाट आपल्याच घरच्या भिंतीत बसवल्यासारखं दिसतं. याला ‘माउंट करणं’ म्हणतात. शब्द जुना आहे. चुंबकीय फितीचं रीळ माणूस खरोखरच उचलून यंत्रावर चढवत असे, तेव्हाचा.

हे कपाट दूरवरून बसवण्याची एक गाजलेली पद्धत म्हणजे ‘एनएफएस’. ती ‘सन मायक्रोसिस्टिम्स’ने १९८४च्या सुमारास तयार केली. (१९८२ साली सन स्थापन करणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा.) गंमत अशी, की तिच्या नेहमीच्या वापरात फायली देणारा सर्व्हर परवलीचा शब्द विचारतच नसे. समोरचं यंत्र सांगे, ‘हा अमुक क्रमांकाचा माणूस आहे’, आणि सर्व्हर ते खरं मानी. यंत्रं मोजकी होती, किल्ल्या जबाबदार माणसाच्या हाती होत्या, म्हणून हे निभावलं. पण टेबलाटेबलावर संगणक आले आणि जो तो आपल्या यंत्राचा राजा झाला. मग हवा तो क्रमांक लावून कुणाच्याही कपाटात हात घालणं अवघड राहिलं नाही.

दुसरी परंपरा आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी सुरू केलेल्या ‘एसएमबी’ची. मायक्रोसॉफ्टने ती वाढवली. तिच्यात नाव आणि परवलीचा शब्द विचारण्याची सोय होती, पण तिची बोली विंडोजच्या जगातली. ती युनिक्सला शिकवली कॅनबेराच्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने, १९९१-९२च्या सुमारास. तारेतून जाणारे संदेश न्याहाळून त्याने त्यांचं व्याकरण ओळखलं. आधीच्या नावावर एका कंपनीने हरकत घेतली, तेव्हा त्याने शब्दांच्या यादीत एस, एम, बी ही अक्षरं असलेला शब्द शोधला. सापडला ‘सांबा’! आपल्याला त्यात सांबसदाशिव दिसतो, तो योगायोग.

सांबा विंडोजला फायली देई. उलट, विंडोजवरचं कपाट लिनक्सवर बसवण्याचं काम आधी ‘एसएमबीएफएस’ करी. २००३च्या अखेरीस आलेल्या लिनक्स २.६मध्ये त्याच्या जोडीला ‘सीआयएफएस’ आलं. इथे मी स्वतः शहाणपण गमावलं होतं. एका कचेरीत रोज सकाळी परवलीचा शब्द टंकण्याचा कंटाळा, म्हणून मी तो ‘एफएसटॅब’ या फायलीतच लिहून ठेवला. यंत्र सुरू झालं की कपाट आपोआप बसे. पंधरा दिवसांनी शिकाऊ मुलगा हळूच म्हणाला, “सर, पगारपत्रकाच्या कपाटाचा पासवर्ड सगळ्यांना दिसतोय.” एफएसटॅब ही फाईल सहसा त्या यंत्रावर कुणालाही वाचता येते, हे मला ठाऊक होतं, फक्त त्या दिवशी आठवलं नव्हतं. परवलीचा शब्द मागणाऱ्या सर्व्हरचं सगळं शहाणपण मी दारावर चिकटवून ठेवलं होतं.

उपाय साधाच होता. नाव आणि शब्द वेगळ्या फायलीत लिहायचे, ती फाईल ‘रूट’ म्हणजे यंत्राच्या कारभाऱ्याच्या मालकीची करायची, परवानगी ६०० ठेवायची, म्हणजे इतर कुणाला ती उघडता येत नाही. एफएसटॅबमध्ये फक्त त्या फायलीचा पत्ता. अर्थात शब्द आत उघडाच राहतो आणि कारभारी तो केव्हाही वाचू शकतो.

त्याहून बरी युक्ती अमेरिकेतल्या एमआयटीत १९८०च्या दशकात निघाली होती, ‘कर्बेरॉस’ नावाची. तिथे परवलीचा शब्द जाळ्यावरून जातच नाही. एका विश्वासू यंत्राकडून ठरावीक मुदतीचं तिकीट मिळतं आणि ते दाखवून कपाट उघडतं. विश्वासावर चालणाऱ्या एनएफएसलाही चौथ्या आवृत्तीत, २००० साली, ही सोय सक्तीने अंगी बाणवावी लागली.

जुनी एसएमबी मात्र रेंगाळत राहिली. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू विंडोजमधल्या तिच्या पहिल्या आवृत्तीच्या भगदाडातून जगभर शिरला. त्याला परवलीचा शब्द लागलाच नाही. त्याच वर्षी लिनक्सनेही कपाट बसवताना ती आवृत्ती आपणहून वापरणं सोडलं. जुने सर्व्हर अजून तीच बोली बोलत होते, त्यांची कपाटं नव्या लिनक्सवर एका सकाळी बसेनात. आवृत्तीचा आकडा मुद्दाम लिहून ती पुन्हा बसवता येत होती, आणि कितीतरी कचेऱ्यांनी तेच केलं.