ठकीच्या हातीं लेखणी

ठाणें शहरांत तलावपाळीच्या कांठीं १९७८ सालीं जें नाट्यगृह उभें राहिलें, त्यास राम गणेश गडकऱ्यांचें नांव दिलेलें आहे. गडकरी नाटककार होते, गोविंदाग्रज या नांवानें कवि होते, आणि 'बाळकराम' या टोपणनांवानें लिहिणारे विनोदकारही होते, हें वाचकांस सांगावयास नकोच. त्या बाळकरामाच्या लेखांतील ठकी सर्वांच्या स्मरणांत असेल. मुलगी रूपानें यथातथाच, बाप चिंतेंत, आणि तिच्यासाठीं स्थळ शोधण्याकरितां निघालेली मित्रमंडळी ! हंसून हंसून पुरेवाट होते. पण त्या हंशांत ठकीच्या वाट्यास काय येतें ? बोलतो तो बाळकराम. ठकी हा त्याच्या बोलण्याचा विषय.

मराठी विनोदाचा इतिहास लिहूं जाणारास हा प्रश्न टाळतां येणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. आमचा विनोद स्त्रीवांचून कधींच चालला नाहीं. कजाग सासू, भोळी बायको, नटवी शेजारीण, उपवर कन्या हें त्याचें नित्याचें भांडवल. परंतु तें भांडवल गुंतविणारे हात बहुधा पुरुषांचे राहिले. यावर कोणी म्हणेल कीं, विनोदास लिंग नसतें, चिं. वि. जोशांनीं चिमणरावाची काऊ किती मायेनें रंगविली आहे पहा. आम्ही हें मान्य करतों. चिमणराव आपल्या फजितीची कथा स्वतःच सांगतो, आणि म्हणूनच तो आपणांस प्रिय होतो. मात्र तीच कथा काऊनें सांगितली असती तर ती कशी झाली असती, हें आपणांस कळण्याचा मार्ग नाहीं.

असा उलट जबाब एकदां मिळाला होता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९०७ सालीं 'बायकांचें बंड' हें नाटक लिहिलें. पुरुषांवांचून राज्य चालवूं पाहणारी प्रमिला, आणि त्या बंडाचा अखेरीस होणारा मोड, असा त्याचा विषय. पुढें कांहीं वर्षांनीं गिरिजाबाई केळकर यांनीं 'पुरुषांचें बंड' लिहून त्यास नाटकानेंच उत्तर दिलें. १९२८ सालच्या नाट्यसंमेलनाचें अध्यक्षपदही त्यांस मिळालें. तथापि त्या काळीं रंगभूमीवर स्त्रीनें लिहिलेलें वाक्यही बहुधा लुगडें नेसलेल्या पुरुषाच्याच तोंडून उच्चारलें जाई. १९३३ सालीं नाट्यमन्वंतर संस्थेनें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणलें आणि त्यांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीं केल्या. तेव्हांपासून हा प्रघात मागें पडूं लागला. म्हणजे स्त्रीस आधी स्वतःचें शरीर रंगमंचावर नेण्याचा झगडा करावा लागला. शब्द नेण्याचा झगडा पुढेंच होता.

तो झगडा दूरचित्रवाणीच्या पडद्यापर्यंत कोणीं नेला, याचा विचार करतां आमच्यापुढें प्रथम सई परांजपे यांचें नांव उभें राहतें. नटी म्हणून त्यांची ख्याति नाहीं. त्या लेखिका व दिग्दर्शिका. परंतु आमच्या विषयाची किल्ली त्यांच्याच चरित्रांत आहे. त्यांचा जन्म १९३८ सालीं लखनौ येथें झाला. आजोबा रँग्लर र. पु. परांजपे, वडील रशियन चित्रकार, आई शकुंतलाबाई. केंब्रिजला शिकलेल्या या बाईंनीं जिनीव्हा येथें नोकरी केली, संततिनियमनाच्या प्रचारासाठीं लोकांची टीका सोसली, आणि १९३७ सालीं प्रभातच्या 'कुंकू' चित्रपटांत म्हाताऱ्या नवरदेवाच्या सुशिक्षित मुलीची भूमिकाही केली. अशा आईच्या हाताखालीं वाढलेल्या मुलीचें 'मुलांचा मेवा' हें पुस्तक तिच्या आठव्या वर्षीं छापलें गेलें, यांत नवल तें काय ! पुढें पुणें आकाशवाणी, दिल्लीचें राष्ट्रीय नाट्यविद्यालय, आणि मग दिल्लीचें दूरदर्शन केंद्र. दूरचित्रवाणी ही वस्तु देशांत अद्याप रांगत होती, तेव्हां सईबाई तेथें निर्मातीचें काम शिकत होत्या. नवें माध्यम असल्यामुळें तेथें जुनी गादी कोणाची नव्हती. त्याचा त्यांस लाभ झाला असावा, असें आमचें अनुमान आहे.

त्यांच्या विनोदाचा स्वभाव पाहावयाचा तर १९८१ चा 'चश्मेबद्दूर' घ्यावा. दारोदार कपडे धुण्याची पूड विकणारी एक मुलगी. तिच्यावर आपण कशी छाप पाडली याच्या खोट्या बढाया मारणारे दोन तरुण. बाळकरामाच्या काळीं हंसें त्या मुलीचें झालें असतें. येथें तें बढाईखोरांचें होतें. मुलगी आपलें काम करीत राहते. दोन वर्षांनीं आलेली 'कथा' शं. गो. साठ्ये यांच्या 'ससा आणि कासव' नाटकावर आधारलेली आहे. तींतील चाळ, सार्वजनिक गॅलरी, एकमेकांच्या घरांत डोकावणारीं माणसें, हें सर्व त्यांनीं इतक्या जवळून टिपलें आहे कीं कोणा एकाचा उपहास होतच नाहीं. सगळी चाळच हंसण्यास पात्र ठरते, आणि तितकीच प्रेमासही. १९८४ सालीं दूरदर्शनवर त्यांची 'अडोस पडोस' ही मालिका आली, आणि पुढच्याच वर्षीं 'छोटे बडे'.

'अडोस पडोस' ! डोंबिवली, कल्याण आणि ठाणें येथील कुटुंबांस हें नांव आपल्याच जिन्यावरचें वाटावें. गिरगांव-दादरच्या चाळींतून दोन खोल्यांच्या ब्लॉकांत आलेला हा वर्ग. १८५३ पासून ठाण्यास पोंचलेल्या रेल्वेनेंच त्यास पुढें इतका दूर आणून वसविला. चाळ सुटली तरी शेजार सुटला नव्हता. मजल्यावर एकाच घरीं संच असे, आणि संध्याकाळीं तेथें चपलांचा ढीग पडे. हंसणाऱ्यांत निम्म्याहून अधिक बायका असत. त्या कोणत्या वाक्यास हंसतात आणि कोणत्या वाक्यास नुसत्या पदर सांवरतात, याची नोंद कोणीं ठेवली असती तर विनोदाच्या इतिहासाचें एक प्रकरण आयतेंच तयार झालें असतें.

नटी आणि लेखिका या दोन्ही भूमिका एका अंगावर घेणाऱ्यांत रसिका जोशी यांचें स्मरण आम्ही मुद्दाम करतों. 'घडलंय बिघडलंय' सारख्या मालिकेंतून त्यांचें विनोदी अंग घरोघर ठाऊक झालें होतें. परंतु मिलिंद फाटक यांजबरोबर त्यांनीं 'व्हाईट लिली आणि नाईट रायडर' हें नाटक लिहिलें व त्यांत स्वतः काम केलें, ही गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. संगणकावर टोपणनांवानें गप्पा मारणारीं दोन एकाकी माणसें प्रत्यक्ष भेटतात, एवढेंच कथानक. त्यांतील स्त्री चिडते, चुकते, हट्ट करते आणि हंसविते. तिला कोणी हास्यास्पद करीत नाहीं. ७ जुलै २०११ रोजीं, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षीं, रक्ताच्या कर्करोगानें त्यांचें निधन झालें.

आतांचे दिवस प्रहसनांचे आहेत. 'चला हवा येऊ द्या' २०१४ सालीं आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ सालीं सुरू झाली. पहिल्यांतील भाऊ कदम डोंबिवलीचे. दुसरींतील शिवाली परब तर 'कल्याणची चुलबुली' म्हणूनच ओळखल्या जातात. विशाखा सुभेदार आणि नम्रता संभेराव यांच्या अंगीं असलेली वेळेची जाण अनेक नामांकित नटांस हेवा वाटावा अशी आहे. पण दोन गोष्टी आम्हांस खटकतात. १९३३ नंतर मागें पडलेला लुगड्यांतला पुरुष या मंचावर पुन्हां थाटानें वावरूं लागला. भाऊ कदम व सागर कारंडे यांचीं स्त्रीपात्रें हमखास टाळ्या घेत, आणि त्याच चमूंत श्रेया बुगडे बहुतेक काळ एकट्या स्त्री होत्या. दुसरी गोष्ट अशी कीं, समीर चौघुले आपलें प्रहसन लिहितात आणि स्वतः वठवितात, निलेश साबळे लिहीत आणि सूत्रेंही हालवीत. नटांपैकीं असा दुहेरी मान मिळविणारीं जीं नांवें चटकन ओठांवर येतात, तीं पुरुषांचीं.

प्रहसनाच्या तालमींत एखादी नटी आपल्या आईची, आत्याची, लोकलच्या महिला डब्यांतील सहप्रवासिनीची लकब आणते, त्यावर चार वाक्यें रचते, आणि तींच चार वाक्यें सर्वांत अधिक हंशा घेतात. तालमींतून फुलणाऱ्या विनोदाची रीतच ही आहे. अशा वाक्यांचें श्रेय कोणाच्या नांवें नोंदलें जातें ? आमची सूचना साधी आहे : ज्या नटीनें आपल्या भूमिकेंतील शब्द घडविले असतील, तिचें नांव लेखकांच्या नामावळींत घालावें, आणि ती नामावळी वाचतां येईल इतक्या सावकाश दाखवावी.