राणीची पावले

मी पारशिवनीचा. पूर्वेला रामटेकचा डोंगर, त्याच्या पायथ्याशी नगरधन, म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. राणी प्रभावतीगुप्ताची गोष्ट सांगू लागलो की मुले हमखास विचारतात, "ती दिसायची कशी?"

प्रश्न रास्त आहे. इजिप्तच्या राण्या दिसतात ना! तिथे भिंतीवर तांबड्या रेघांचे चौकोन आखून त्या मापात राणी किंवा देवी रेखाटत, मग छिन्नी चाले. राजपद भूषवणारी हत्शेप्सुत दैर-अल-बहरीच्या मंदिरात चक्क राजाची दाढी लावून उभी आहे. पुढे तिसऱ्या थुतमोसच्या काळात तिच्या कित्येक आकृत्या खरवडल्या गेल्या. तरी खरवडलेल्या दगडात तिचा आकार उरलाच.

आपल्याकडे उलटे झाले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुळातील माणसांच्या आकृत्या भिंतीत कोरल्या होत्या. त्यांत सिमुक होता, राणी नागनिका आणि तिचा पती श्री सातकर्णी होते, कुमारही होते. आज तिथे पावलांच्या खुणा तेवढ्या आहेत. वर ब्राह्मीत नावे मात्र शाबूत! बाजूच्या भिंतींवरील लेखात अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आणि गाई, हत्ती, कार्षापणांची दाने मोजली आहेत. एवढा हिशेब राहिला, राणीचे नाक-डोळे गेले.

प्रभावतीचे तर पाऊलही नाही. मनसरच्या उत्खननात वाकाटककालीन मूर्ती निघाल्या. त्यांतली एखादी देखणी स्त्री पाहून "हीच आपली राणी" म्हणण्याचा मोह होतो. मूर्तीवर नाव नसताना तसे म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या भागाच्या अभिमानापोटी तर मुळीच नाही.

जे हाती आहे ते काय कमी आहे? 2015 ते 2018 दरम्यान नगरधनच्या उत्खननात मातीची लहानशी मुद्रा मिळाली. तीवर शंख आहे आणि ब्राह्मीत प्रभावतीगुप्ताचे नाव. पती दुसरा रुद्रसेन वारल्यावर, मुलगा दिवाकरसेन लहान असताना तिने कारभार पाहिला. नंदिवर्धनहून दिलेल्या तिच्या ताम्रपटात वंशावळ सुरू होते ती माहेरच्या गुप्तांपासून. दुसरा चंद्रगुप्त तिचा बाप. सासरचे गोत्र विष्णुवृद्ध. तिने स्वतःचे लिहवले ते धारण, वडिलांचे.